काळजी करणे आणि काळजी घेणे : संत तेरेजांच्या एका ग्रंथाविषयी

आपल्या पुष्कळ घरांत येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी, नाही तर आजीच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात, एक लहानसे कार्ड सापडते. कार्डाच्या एका बाजूस आविलाच्या संत तेरेजांचे चित्र असते आणि दुसऱ्या बाजूस त्यांच्या नावावरची नऊ छोट्या ओळींची प्रार्थना. जगातले सारे सरून जाणारे आहे, न बदलणारा तो एक परमेश्वर आहे, तेव्हा माणसाने मनाने खचू नये, असा तिचा आशय. ४ ऑक्टोबर १५८२ रोजी स्पेनमधील आल्बा दे तोर्मेस येथील मठात संत तेरेजांचे देहावसान झाले. त्यानंतर त्यांच्या नित्यप्रार्थनेच्या पुस्तकात खुणेसाठी ठेवलेल्या कागदावर या ओळी मिळाल्या, अशी परंपरा आहे. त्या मूळच्या त्यांच्याच की काय, याविषयी काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे. तरीही पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धावंतांनी त्या तेरेजांच्याच म्हणून जपल्या. आणि फ्रान्समधील तेझे येथील समुदायाने त्यांना चाल दिल्यापासून तर त्या देशोदेशींच्या प्रार्थनासभांतून गाइल्या जातात.

काही वर्षांपूर्वी एका प्रार्थनासभेनंतर हेच कार्ड हातात धरून एक माउली आमच्याजवळ आल्या. त्यांचा मुलगा आखातात नोकरीस होता. त्याचा पगार थकला होता आणि दोन आठवडे त्याचा फोन नव्हता. सभेत सांगण्यात आले होते की, चिंता हे अविश्वासाचे लक्षण होय. जो खरोखर देवावर विसंबतो त्याला चिंता शिवत नाही. त्या माउलींनी विचारले, ‘‘मी रोज जपमाळ म्हणते, नोव्हेनाही चुकवत नाही. तरी रात्री डोळा लागत नाही. म्हणजे माझा विश्वास खोटा आहे का?’’ आम्ही सांत्वनाचे चार शब्द बोललो. उत्तर मात्र आमच्यापाशी नव्हते. मुलाची चिंता घेऊन आलेल्या त्या आता स्वतःच्या विश्वासाचीही चिंता घेऊन घरी चालल्या होत्या, ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली.

पुढे संत तेरेजांचा मठस्थापनांविषयीचा ग्रंथ वाचताना त्या प्रश्नाची आठवण वारंवार झाली. कार्डावरील ओळी ज्यांच्या म्हणून आपण म्हणतो, त्यांनीच लिहिलेला हा ग्रंथ. पण त्यात काळजीने जागून काढलेल्या रात्री आहेत, भीती आहे, शंका आहे, कर्ज आहे आणि विस्कटलेले बेतही आहेत. कार्ड आणि ग्रंथ यांत विरोध आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ग्रंथ बाजूला ठेवून कार्ड एकटे वाचल्याने आपल्या भक्तीत आणि आपल्या भक्तिपर लेखनातही एक गैरसमज रुजला आहे, असे मात्र आम्हांस वाटते. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम ग्रंथाविषयी थोडे. आविलाच्या तेरेजा म्हणजे लिझ्यूच्या ‘छोट्या’ तेरेजा नव्हेत आणि कोलकात्याच्या मदर तेरेसाही नव्हेत. या दोघींनी ज्यांचे नाव परंपरेने पुढे चालवले त्या मूळच्या तेरेजा. जन्म १५१५चा. १५६२ साली आविला येथे त्यांनी कार्मेल संघाच्या सुधारणेचा पहिला लहानसा मठ स्थापला आणि पुढील वीस वर्षांत धर्मभगिनींचे एकूण सतरा मठ त्यांच्या प्रयत्नांतून उभे राहिले. १६२२ साली, १२ मार्च रोजी, आपल्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबरच त्यांना संतपद मिळाले. १९७० साली त्यांना ख्रिस्तसभेच्या आचार्य हा मान देण्यात आला. मठस्थापनांची हकिकत लिहून काढावी अशी आज्ञा येशूसंघाचे फादर रिपाल्दा यांनी त्यांना केली आणि १५७३ साली सालामांका येथे त्यांनी लेखनास आरंभ केला. प्रवास, आजारपण, पत्रव्यवहार आणि तंटे यांतून सवड मिळेल तसतशी त्यात भर पडत गेली. अखेरच्या बुर्गोस येथील स्थापनेचा वृत्तांत मृत्यूच्या वर्षातला आहे. १५८८ साली त्यांचे ग्रंथ प्रथम एकत्र छापले गेले तेव्हा हा वृत्तांत त्यात घेतलेला नव्हता. तो १६१० साली ब्रसेल्स येथे छापला गेला.

या ग्रंथाला अध्यात्मग्रंथाची घडी नाही. एखाद्या कर्त्या बाईने मोठे घर चालवताना लेकी-सुनांना सांगावे तसे हे लेखन आहे. मध्येच विषयांतर होते, मध्येच आपली स्मृती बरी नाही अशी कबुली येते, मध्येच एखाद्या व्यवहारचतुर व्यापाऱ्याचा स्वभाव दोन वाक्यांत रेखाटला जातो. पण ज्या प्रश्नाचा आपण विचार करीत आहोत त्या दृष्टीने यातील तीन प्रसंग फार मोलाचे आहेत.

पहिला प्रसंग मेदिना देल कांपो येथील, १५६७ सालचा. मेदिना हे त्या काळी मोठ्या जत्रांचे आणि परदेशी व्यापाऱ्यांचे गाव. मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या आदल्या रात्री, मध्यरात्रीच्या सुमारास, तेरेजा मोजक्या भगिनींसह तेथे पोहोचल्या. दुसऱ्या दिवशीच्या खेळासाठी त्याच वेळी रस्त्याने बैल आणले जात होते. त्यांतून वाट काढीत ही मंडळी पायी निघाली. जे घर मिळाले होते ते पडके निघाले. भिंतींना गिलावा नाही, सर्वत्र मातीचे ढीग, आणि उजाडण्यापूर्वी वेदी उभारून मिस्सा व्हावयाची होती. कोणी माती उपसू लागले, कोणी जमीन झाडू लागले. भिंतींवर लावण्यास त्या घरच्या कारभाऱ्याकडून पडदे मिळाले. पण ते ठोकण्यास खिळे नव्हते आणि त्या वेळी ते विकत मिळणारही नव्हते. तेव्हा जुन्या भिंतींतील खिळे शोधून उपटून काढण्यात आले. पहाटे घंटा वाजली, मिस्साबलिदान झाले आणि तेरेजांचा आनंद मनात मावेना.

येथे एखाद्या साध्या चरित्रकाराने प्रकरण संपवले असते. तेरेजा संपवीत नाहीत. मिस्सा झाल्यावर त्यांनी खिडकीतून अंगणाकडे पाहिले, तो भिंती जागोजाग कोसळलेल्या. पवित्र साक्रामेंत जणू रस्त्यावरच ठेवलेले! त्या क्षणी त्यांचे अवसान गळाले. ज्यांनी ज्यांनी या कामाला वेडेपणा म्हटले होते त्या सर्वांचे म्हणणे त्यांना खरे वाटू लागले. एवढेच नव्हे, तर प्रार्थनेत देवाने आपल्याला जे सांगितले म्हणून आपण समजत आलो तो सारा भास तर नसेल, ही शंकाही त्यांच्या मनात आली. सोबतच्या भगिनी आधीच त्रासलेल्या, म्हणून त्यांच्यापाशी त्यांनी यातील काही बोलून दाखवले नाही. संध्याकाळी येशूसंघाच्या एका धर्मगुरूंनी येऊन धीर दिला. त्यांनाही त्यांनी आपण उघड्यावर पडल्याचे तेवढे दुःख सांगितले, मनातील बाकीचे सांगितले नाही.

आणि मग पुढील दिवसांतील ती गोष्ट येते, जी वाचताना आम्ही क्षणभर थांबलो. पवित्र साक्रामेंताच्या राखणीस तेरेजांनी माणसे ठेवली होती. तरी ती झोपी गेली तर, या काळजीने त्या रात्री उठत आणि खिडकीतून पाहत. चांदणे स्वच्छ होते, त्यामुळे नीट दिसे, असे त्या नमूद करतात. सुमारे आठ दिवसांनी एका व्यापाऱ्याने आपल्या घराचा वरचा मजला देऊ केला आणि तो प्रश्न सुटला.

वाचकांनी ध्यानात घ्यावे की, हे लिहिले जात होते तेव्हा या घटनेला सहा वर्षे होऊन गेली होती. मेदिनाचा मठ स्थिरावला होता आणि त्यापाठोपाठ आणखी मठ उभे राहिले होते. ‘मला त्या वेळीही आतून खात्री होती’ असे लिहिण्यास त्यांना कोणी अडवले नसते. बहुतेक लेखक, विशेषतः धार्मिक लेखक, नंतरच्या यशाच्या उजेडात आधीची रात्र उजळून घेतात. तेरेजांनी रात्र होती तशी ठेवली. देव आपल्या भाकरीत उतरून आला आहे यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. आणि त्याच्याच राखणीसाठी त्यांची झोप उडत होती. या दोन गोष्टींत त्यांना विसंगती वाटली नाही.

आमच्या लहानपणी घरी जपमाळ संपली, सर्वांनी आजीचा आशीर्वाद घेतला, की आजी कंदील घेऊन गोठ्याकडे जाई आणि दाराची कडी हलवून पाही. ‘‘आत्ताच तर देवाच्या हाती सारे सोपवलेस ना?’’ म्हणून आम्ही मुले तिला चिडवीत असू. ती हसे आणि कडी पुन्हा एकदा पाही. मेदिनाच्या खिडकीतील तेरेजांनी आम्हांस त्या कंदिलाचा अर्थ सांगितला.

दुसरा प्रसंग तोलेदो येथील, १५६९ सालचा. परवानगी मिळण्यास आठवडे लागले, मदतीचे आश्वासन दिलेल्या मंडळींशी बोलणी फिसकटली आणि अखेर तेरेजांजवळ तीन-चार दुकात एवढीच पुंजी उरली. त्या पैशांत त्यांनी काय घ्यावे? वेदीसाठी कापडावर रंगवलेली दोन चित्रे, दोन गवती गाद्या आणि एक कांबळे. घर शोधून दिले ते एका गरीब विद्यार्थ्याने; त्याचा अवतार पाहून सोबतच्या भगिनींना हसू आले होते. नव्या घरी रात्री थंडी वाजे. पहिल्या दिवसांत एक सार्डिन मासा भाजावा म्हटले तर घरात सरपणाची काटकी नव्हती. मग कोणी एकाने लाकडाची लहानशी मोळी चर्चमध्ये आणून ठेवली. देवाने कोणाला ही बुद्धी दिली ते ठाऊक नाही, असे त्या लिहितात.

या प्रसंगाची गंमत अशी की, ज्यांच्या घरी त्या आधी उतरल्या होत्या त्या बाई श्रीमंत होत्या आणि तेरेजांवर त्यांचे प्रेमही होते. मग मागितले का नाही? कोणास त्रास देणे आपल्याला आवडत नाही आणि बाईंच्याही ते ध्यानात आले नसावे, असा साधा खुलासा तेरेजा करतात. चमत्काराचा गाजावाजा नाही, तसा श्रीमंतांवर रागही नाही. पुढे वस्तू येऊ लागल्या तेव्हा भगिनींना वाईट वाटले. गरिबीतले सुख संपले म्हणून! या भागात उपदेशाचे एकही वाक्य नसते तरी चालले असते. कांबळे, काटकी आणि मासा यांतूनच सारे कळते. ज्या घरात महिन्याच्या अखेरीस डब्यातले तांदूळ हाताने चाचपून पाहावे लागले आहेत, त्या घरातील वाचकाला तर अधिकच कळते.

तिसरा प्रसंग सालामांका येथील, १५७० सालचा. आणि आमच्या मते संपूर्ण ग्रंथात चिंतेविषयी याहून खोल असे काही नाही. विद्यापीठाचे ते गाव. जे घर मिळाले त्यात विद्यार्थी राहत होते. त्यांना मोठ्या मिनतवारीने बाहेर काढावे लागले. सर्व संतांच्या सणाच्या रात्री त्या अवाढव्य, अस्ताव्यस्त घरात तेरेजा आणि एक वयस्कर भगिनी अशा दोघीच होत्या. सोबतीणबाईंच्या मनात एकच धास्ती, की चिडलेला एखादा विद्यार्थी कुठल्या तरी माळ्यावर दडून बसला असेल. दोघींनी एका खोलीत गवत पसरले, दार लावून घेतले आणि उसन्या कांबळ्यांत अंग टाकले. बाहेर मृतात्म्यांसाठी घंटा वाजू लागल्या. सोबतीणबाई चहूकडे पाहत होत्या. काय पाहता, असे तेरेजांनी विचारले. त्या म्हणाल्या, मी आत्ता येथेच मेले तर तुम्ही एकट्या काय कराल, याचा विचार करते आहे.

हे ऐकून तेरेजांना हसू आले असेल, असे वाटते. लिहिताना ते आले, हे त्या सांगतातच. पण त्या रात्री मात्र मनात चर्र झाले, हेही लपवीत नाहीत. प्रेताची भीती त्यांना पहिल्यापासूनच वाटे, त्यात त्या घंटा. तरी उत्तर त्यांनी दिले ते असे की, ती वेळ आली म्हणजे काय करायचे ते पाहीन, तूर्त मला झोपू द्या. आधीच्या दोन रात्री जागरणात गेलेल्या असल्यामुळे झोपेनेच थोड्या वेळात दोघींची भीती घालवली.

या उत्तरात नाट्य नाही. बायबलमधील वचनाचा आधार घेतलेला नाही. भिऊ नका, असेही त्या म्हणत नाहीत; भिण्यासारखे काही नाही, असे तर मुळीच नाही. तुमचा विश्वास कमी पडतो, असा ठपका त्या थोर मनाच्या बाईंवर ठेवीत नाहीत. मृत्यू येईल तेव्हा काम असेलच आणि ते मी करीन. पण ते काम आजच्या रात्रीचे नव्हे, एवढेच त्यांचे म्हणणे. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने आकाशातील पाखरे आणि रानातील फुले दाखवून चिंतेविषयी जे सांगितले, त्याचा शेवट कसा होतो हे आपण पुष्कळदा विसरतो. उद्याच्या दिवसाला त्रास नसेल, असे प्रभूने म्हटलेले नाही. आजच्या दिवसालाही त्याचा त्रास आहेच, हे त्याने मान्य केले आणि तेवढाच आज पुरे, असे सांगितले. सालामांकाच्या गवतावर निजलेल्या तेरेजा या वचनाचे भाष्य करीत नाहीत. त्या ते वचन आचरतात.

आता आपल्या मराठी भाषेकडे पाहू. आपण ‘काळजी करतो’ आणि आपण ‘काळजी घेतो’. शब्द एकच, क्रियापद बदलले की अर्थ बदलतो. काळजी करणारा मनातल्या मनात फिरत राहतो. काळजी घेणाऱ्याचे हात कामास लागतात. तान्ह्या मुलाची काळजी घेणाऱ्या आईला देवावर भरवसा नाही, असे कोणी म्हणत नाही. संत पौल यांच्या पत्रांतही असाच धागा आढळतो. फिलिप्पैकरांना ते बंदिवासातून लिहितात की, कशाचीही चिंता न करता आपली मागणी आभारासह प्रार्थनेत देवापुढे मांडावी. त्याच संत पौलांनी करिंथकरांना दुसऱ्यांदा लिहिताना आपल्यावरील संकटांची यादी दिली आणि अखेरीस सर्व ख्रिस्तमंडळ्यांविषयीची रोजची चिंता आपल्यावर आहे, असे सांगितले. मूळ ग्रीक भाषेत दोन्ही ठिकाणी ‘मेरिम्ना’ याच शब्दाचे कूळ आहे. पौल स्वतःच आपली शिकवण मोडीत होते काय? तसे नाही. एक चिंता माणसाला स्वतःभोवती गुंडाळत नेते, दुसरी त्याला इतरांकडे नेते. आणि पहिलीचे रूपांतर दुसरीत होते ते प्रार्थनेत.

संत तेरेजांच्या ग्रंथाचा गाभा आम्हांस येथे दिसतो. प्रार्थनेने त्यांची काळजी नाहीशी झाली, असे हा ग्रंथ दाखवीत नाही. प्रार्थनेने काळजी करण्याचे काळजी घेण्यात रूपांतर झाले. खिडकीशी जाऊन राखणदार पाहणे, खिळे शोधणे, उरलेल्या पैशांत आधी वेदीची चित्रे घेणे, उद्याचे काम उद्यावर ठेवून निजणे, ही सर्व त्या विश्वासाची रूपे आहेत. त्यांची जी सुमारे साडेचारशे पत्रे आज उपलब्ध आहेत, त्यांतही समाधिसुखाच्या बरोबरीने कर्जाचे, घरखरेदीचे आणि आजारी भगिनींच्या औषधपाण्याचे विषय येतात. ज्यांना देव पुरेसा झाला होता, त्यांचे हिशेब सुटले नव्हते.

ग्रंथाचे गुण सांगताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अडचण आली की ती सैतानाची करणी, असे तेरेजा जागोजागी म्हणतात. त्यांच्या काळाची ती भाषा होती. आज एखाद्या घरातील आजाराला किंवा नैराश्याला आपण ती भाषा लावू लागलो तर उपायाऐवजी अपाय होईल. सततच्या चिंतेने ज्याची झोप आणि भूक गेली आहे त्याला डॉक्टरकडे नेणे, हाही काळजी घेण्याचाच भाग आहे. त्यात प्रार्थनेचा अधिक्षेप नाही.

दुसरी मर्यादा वाङ्मयीन आहे. तेरेजा स्वतःच्या रात्री सांगतात तेव्हा त्यांचे लेखन अतुलनीय असते. इतरांचे विजय सांगतात तेव्हा ते फिके होते. वायादोलिद येथील स्थापनेच्या निमित्ताने त्यांनी कासिल्दा दे पादिया या थोर घराण्यातील मुलीची गोष्ट सांगितली आहे. घरच्यांचा विरोध न जुमानता ती कोवळ्या वयात मठात धावत येते आणि कथा आनंदात संपते. वस्तुतः ती संपली नव्हती. १५८१ साली कासिल्दा तो मठ सोडून दुसऱ्या संघाच्या मठात गेली. यात तेरेजांचा दोष नाही. पण माणसाचे जीवन बोधकथेच्या शेवटाशी थांबत नाही, हे येथे दिसते.

याउलट पास्त्राना येथील मठाची गोष्ट पाहावी. १५६९ साली एबोलीच्या राजकुमारीच्या आश्रयाने तो स्थापन झाला. पुढे पती वारल्यावर राजकुमारी स्वतः मठात आली आणि तिच्या लहरींपुढे भगिनींचे जीवन अशक्य झाले. १५७४ साली भगिनींना तेथून हलवून सेगोव्हिया येथे आणावे लागले. प्रार्थनेने आणि कष्टाने उभारलेला मठ पाच वर्षांत मोडला. तेरेजा ही हकिकत थोडक्यात सांगतात. त्यामागे देवाची गूढ योजना होती, असे पटवून देण्याचा खटाटोप करीत नाहीत. विश्वास ठेवला म्हणून मठ वाचला, असे घडले नाही. मठ गेला तरी विश्वास उरला आणि भगिनींना सुखरूप बाहेर काढण्याचे काम तेवढे झाले. आपल्या मनासारखा शेवट न झालेल्या प्रार्थनांविषयी याहून अधिक प्रामाणिक असे काय सांगता येईल?

हे सारे आम्ही आपल्या नियतकालिकांतील आणि प्रार्थनासभांतील ‘साक्षी’ डोळ्यांपुढे ठेवून लिहीत आहोत. साक्षीची रचना आता ठरून गेली आहे: संकट आले, नोव्हेना केली, संकट टळले, देवाचे आभार. आभार मानणे योग्यच आहे आणि त्यामागील भावना खरी आहे. परंतु संकट आणि सुटका यांच्या दरम्यान ज्या रात्री गेल्या त्यांचे काय? दवाखान्याच्या बाकावर बसून बिलाची बेरीज करताना जपमाळेचा कितवा मणी झाला ते विसरलेली बाई, जमिनीचा दावा रेंगाळल्यामुळे मिस्सात मन न लागणारा बाप, मुलाच्या निकालापूर्वी देवाशी भांडलेली आई, ही माणसे आपल्या साक्षींत येत नाहीत. ती आली तर साक्ष कमकुवत होईल, असे लिहिणाऱ्यास वाटते. परिणाम उलटा होतो. ज्याचे संकट अद्याप टळलेले नाही असा वाचक ती साक्ष वाचतो आणि आपण देवाच्या यादीत नाही, असे समजतो.

सालामांकाची ती रात्र जर तेरेजांनी गाळली असती तर ग्रंथ अधिक तेजस्वी दिसला असता, पण आमच्यासारख्यांच्या उपयोगी पडला नसता. गेथशेमनी बागेतील प्रभूची व्याकुळता शुभवर्तमानकारांनी गाळली नाही. प्याला दूर व्हावा, अशी त्याने विनंती केली. मित्रांनी आपल्याबरोबर जागावे, असेही त्याला वाटले. तेथेही रात्र आहे, प्रार्थना आहे आणि नंतर उठून पुढे जाणे आहे. पुत्राच्या तोंडी जी व्याकुळता आली, ती आपल्या तोंडी आली म्हणून आपण अविश्वासू ठरत नाही.

तेव्हा कार्ड टाकून द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. ते जपून ठेवावे. पण ते कोठे सापडले, हे लक्षात असू द्यावे. परंपरेप्रमाणे ते एका रोज वापरातील प्रार्थनापुस्तकात खुणेसाठी ठेवलेले होते. खूण आपण कशासाठी ठेवतो? उद्या पुन्हा त्याच पानापाशी यावयाचे असते म्हणून. ज्या बाईंचे मन कायमचे निर्धास्त झाले होते त्यांनी या ओळी लिहिल्या असत्या तर त्या एकदाच म्हणून चालल्या असत्या. त्या दररोज डोळ्यांखालून जाव्यात, अशी गरज तेरेजांनाही वाटली असावी, असे आम्ही समजतो. त्या ओळी दुसऱ्यास लावण्याची मोजपट्टी नव्हेत. त्या स्वतःच्या मनास रोज नव्याने सांगावयाच्या आहेत.

त्या माउलींना आज उत्तर द्यायचे झाले तर आम्ही काय सांगू? त्या दोन आठवड्यांत त्या नुसत्या बसून राहिल्या नव्हत्या, हे आम्हांस नंतर कळले. मुलाला पाठवणाऱ्या एजंटाच्या दारी त्या चार खेपा घालून आल्या होत्या. त्याच शहरात असलेल्या शेजारच्या गावातील एका मुलाचा फोन नंबर त्यांनी शोधून काढला होता. सुनेपुढे रडायचे नाही म्हणून रात्री अंगणात जाऊन बसत होत्या आणि तेथेच जपमाळ म्हणत होत्या. मेदिनाच्या मठात आपली शंका सोबतच्या भगिनींपासून झाकून ठेवणाऱ्या आणि चांदण्यात खिडकीशी उभ्या राहणाऱ्या तेरेजा तरी याहून निराळे काय करीत होत्या?

बाई, आपला विश्वास खोटा नाही, असे आम्ही त्यांना सांगू. आपण झोप गमावली ती काळजी घेण्यात. आज करण्यासारखे जे आहे ते करून झाले असेल तर उरलेले उद्यासाठी ठेवा, दाराची कडी एकदा पाहा, आणि निजा.